निरंक नावाचा माणूस

"डोकं खाली घे! दिसेल ना तुझं डोकं!" शंका कुजबुजली.

"माझं डोकं जिथं आहे तिथंच राहणार. पाय कापून टाकू का आता?" फूटपट्टी तितक्याच हळू आवाजात म्हणाला आणि गुडघ्यांत वाकून कसाबसा खिडकीखाली मावला.

त्या दोघांच्या मधे लघु बसला होता. त्याला काहीच दिसत नव्हतं, त्यामुळे तो चिडलेला होता.

या तिघांची खरी नावं शाळेच्या हजेरीपटात सुखरूप आहेत, पण सुट्टीत ती कोण वापरतो! वर्गात येता-जाता हात वर करून "मला एक शंका आहे" म्हणणारी मुलगी बारा वर्षांची होईपर्यंत सगळ्यांची शंका झाली होती. मग तिच्या आठ वर्षांच्या धाकट्या भावाला शाळेनं काय नाव ठेवलं असेल, ते वेगळं सांगायला नको. त्याला फक्त 'लघु' म्हटलं तरच तो ओ देई. पूर्ण नाव घेणाऱ्याला तो चावायला धावे. फूटपट्टी हा दवाखान्यातल्या कंपाउंडरांचा मुलगा. तो उंच होता, सरळ होता आणि त्याच्या खिशात कायम एक स्टीलची पट्टी असे.

एरवी अशा सकाळी ते तिघं मैदानावर असते. आज ते पंचायतीच्या कचेरीमागं लपले होते, कारण आत शंकाची आत्या उभी होती.

आत्या पंचायतीच्या नळयोजनेचं पाणी सोडायची. टाकी कधी भरली, कुठला व्हॉल्व्ह किती आटे फिरवला की कुठल्या आळीला पाणी जातं, हे तिला झोपेतही सांगता आलं असतं. बारा वर्षं सारं गाव तिला आत्याच म्हणत आलं होतं. पण गेल्या आठवड्यात खालच्या आळीत तेवीस माणसं एकदम आजारी पडली. गटाराखालून जाणारा पाइप फुटून घाण पाण्यात मिसळली होती. माणसं आता बरी होत होती, पण चूक कुणाची, ते ठरायचं होतं. आज दुपारी चार वाजता वरच्या कचेरीतून चौकशीला मॅडम येणार होत्या.

"तुम्ही कळवलं होतं म्हणता ना? मग पोच दाखवा," आतून ग्रामसेवकांचा आवाज आला. त्यांना सगळं गाव भाऊसाहेब म्हणे.

"पोच कुठून आणू, भाऊसाहेब?" आत्या म्हणाली. "तोंडी सांगायला आले तर तुम्हीच म्हणालात, लेखी द्या, पेटीत टाका. चार महिन्यांत तीन अर्ज टाकले. पेटी काय पोच देते का?"

"हे बघा, तक्रारींचं रजिस्टर समोर आहे. तुमचं नाव दाखवा. दिसतंय कुठं?"

शंकाला राहवलं नाही. ती टाचा उंचावून खिडकीतून डोकावली. टेबलावर उघडं पडलेलं रजिस्टर तिला उलटं दिसत होतं, पण उलटं वाचण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. एका रकान्याच्या डोक्यावर लिहिलं होतं, 'तक्रारदाराचे नाव'. आणि त्याखाली महिन्यामागून महिना एकच नाव होतं. निरंक. निरंक. निरंक.

"नोंद नाही म्हणजे तक्रार नाही," भाऊसाहेबांनी रजिस्टर मिटलं. "मॅडमना मी एवढंच सांगणार. गळती कळवणं तुमचं काम होतं, ते तुम्ही केलं नाही. नोकरी राहील असं मला वाटत नाही."

आत्या पायऱ्या उतरून आली तेव्हा समोरच्या किराणा दुकानातल्या काकू दारात उभ्या होत्या. त्यांच्या दोन्ही मुली आजारी होत्या. आत्याला बघून त्यांनी दार लावून घेतलं. आत्या क्षणभर त्या दाराकडं बघत राहिली आणि मग खाली मान घालून निघून गेली. आत्या अशी कधीच चालत नसे.

"निरंक कोण आहे?" तिनं विचारलं.

"कोण?"

"अरे, दर महिन्याला तो एकटाच तक्रार करतो! आत्याच्या नावाच्या जागी पण त्याचंच नाव आहे. त्यानंच काहीतरी गडबड केलीय. त्याला शोधायला हवा!"

"त्याला मिश्या असतील," लघु ठामपणे म्हणाला.

चार वाजेपर्यंतच काय तो वेळ होता. तिघं पळत सुटले. शिंप्यानं मशीन थांबवून विचार केला आणि सांगितलं, की या नावाच्या माणसाचं माप त्यानं कधी घेतलेलं नाही. पोस्टमननं विचारलं, "आडनाव काय?" शेवटी ते पोस्टात शिरले. पोस्टातल्या बाईंनी प्रश्न ऐकला आणि त्या इतक्या हसल्या, की चष्मा काढून डोळे पुसायची वेळ आली.

"अगं वेडाबाई, निरंक हा माणूस नाही! निरंक म्हणजे काही नाही! कागदावर रकाना मोकळा सोडायचा नसतो, म्हणून काही नसेल तिथं निरंक लिहितात."

फूटपट्टी खोखो हसला. लघुला मात्र वाईट वाटलं. शंकाचे कान लाल झाले, पण ती हसली नाही. ती दाराकडं बघत राहिली होती.

"बाई, मला एक शंका आहे. म्हणजे रजिस्टर म्हणतं, की पेटीत एकही अर्ज आला नाही?"

"हो. महिन्याला पेटी उघडायची, आत काही नसेल तर निरंक लिहायचं."

"पण मी दिवाळीच्या... नाही, सहामाही परीक्षेनंतर मी स्वतः टाकला होता एक अर्ज! मैदानावरच्या मोडक्या झोपाळ्याबद्दल. हा फूटपट्टी बरोबर होता!"

"होतो. पट्टीनं मी रेघासुद्धा मारून दिल्या होत्या," फूटपट्टीचं हसू थांबलं. "म्हणजे निदान एक तरी..."

"म्हणजे पेटी कुणी उघडतच नाही!"

पोस्टातल्या बाईंनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. आता त्याही हसत नव्हत्या.

तक्रारपेटी कचेरीच्या व्हरांड्यात भिंतीला ठोकलेली होती. हिरव्या रंगाची, पत्र्याची, वर चिठ्ठी टाकायला फट. कचेरीला रंग देताना रंगाऱ्यानं कंटाळा करून पेटी, कुलूप, कडी, सगळ्यावरून एकच ब्रश फिरवला होता. कुलपाचं चावीचं भोक रंगानं बुजलं होतं.

फूटपट्टीनं खिशातली पट्टी काढली आणि फटीतून आत सोडली. पट्टी चार बोटं गेली आणि अडली.

"पेटी बाहेरून पस्तीस सेंटीमीटर उंच आहे," तो बाहेरून मोजत म्हणाला. "आत पट्टी जेमतेम सात जाते. शंका, ही पेटी कागदांनी भरलीय! खचाखच!"

"ए! काय चाललंय रे?" शिपाईकाका हातात झाडू घेऊन धावून आले. "पेटीत काय घालताय?"

"काही नाही, काका," शंका म्हणाली. ती भावाचा दंड पकडणार, तेवढ्यात व्हायचं ते झालंच.

"पेटी भरलीय!" लघु ओरडला. "तुम्ही ती उघडतच नाही! आम्ही मॅडमना सांगणार!"

आतली खुर्ची करकन वाजली. भाऊसाहेब दारात आले. त्यांनी पेटीकडं पाहिलं, मुलांकडं पाहिलं आणि गोड आवाजात म्हणाले, "बाळांनो, ऊन झालंय. घरी जा बरं."

रस्त्यावर आल्यावर शंकानं भावाला असं झापलं, की त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. शिक्षा म्हणून त्याला कचेरीसमोरच्या भिंतीआड पहाऱ्याला बसवून ती आणि फूटपट्टी जेवायला गेले. घरी आत्या जेवली नव्हती. ती कागदपत्रांची पिशवी चौथ्यांदा उपसत होती. अर्जाची एखादी नक्कल सापडते का, ते शोधत होती. शंकानं ताट बाजूला सारलं. तिनं पोळीची गुंडाळी हातात घेतली आणि लघुसाठी म्हणून परत पळाली.

व्हरांड्यात पोचली आणि जागीच थबकली. भिंतीवर एक चौकोनी पांढरा डाग होता. पेटी नव्हती! लघुही नव्हता!

"गेलं सगळं," मागून आलेला फूटपट्टी म्हणाला. "आता मॅडमना काय दाखवणार?"

तेवढ्यात कोपऱ्यावरून लघु धापा टाकत आला. त्याची एक चप्पल हरवली होती.

"वेल्डिंगच्या दुकानात! शिपाईकाकांनी पेटी गोणीत गुंडाळली... सायकलला बांधली... मी मागं मागं पळत गेलो! कुलूप कापणार आहेत!"

शंकानं त्याच्या हातात पोळी कोंबली आणि त्याच्या पाठीवर अशी थाप मारली, की त्याची सगळी शिक्षा माफ झाली हे त्याला कळलं. फूटपट्टीनं सायकल काढली आणि तिघं निघाले.

वेल्डरचं दुकान गावाच्या टोकाला होतं. बाहेर अर्धवट केलेली लोखंडी फाटकं उभी होती. त्यांच्या आड मुलं दबून बसली. शिपाईकाका आत बोलत होते.

"नुसतं कुलूप कापायचं. आतला कचरा मी मागं जाळून टाकतो. चारच्या आत रिकामी पेटी भिंतीवर पाहिजे, भाऊसाहेबांनी बजावलंय."

"लाइट आल्याशिवाय मी काय दातांनी कापू?" वेल्डर म्हणाला. "साडेतीनला येईल. तोवर चहा घेऊन या."

शिपाईकाका चहाला गेले. पेटी दुकानाच्या मधोमध जमिनीवर होती. वेल्डर पाठमोरा होऊन हातपंपाचा दांडा घासत बसला होता.

"आपणच उघडू!" फूटपट्टी म्हणाला. "पेटी मागच्या शेडमध्ये ओढू, कुलूप दगडानं फोडू, आत्याचे अर्ज काढू आणि पळू!"

"थांब. मला एक शंका आहे."

"आत्ता?"

"आत्ताच! आपण उघडली तर भाऊसाहेब म्हणतील, पोरांनीच कागद लिहून आत घातले. आपल्यावर कोण विश्वास ठेवेल? अर्ज नकोत आपल्याला. पेटी हवी, आणि ती बंद हवी! त्या कुलपावरचा रंगच आपला साक्षीदार आहे."

फूटपट्टी काही बोलणार, एवढ्यात दुकानातला पंखा गरगरला आणि कोपऱ्यातला रेडिओ गाऊ लागला. लाइट आली होती! वेल्डरनं डोळ्यांवर काळा चष्मा चढवला आणि लोखंड कापायचं चक्र हातात घेतलं. ते किंचाळत फिरू लागलं. त्यानं पेटी पायानं जवळ ओढली. चक्र खाली येऊ लागलं.

आणि लघु पळत जाऊन पेटीवर बसला.

"अरे ए!" वेल्डरनं चक्र झटकन मागं घेतलं. त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं. "मरायचंय का तुला? ऊठ!"

"नाही उठणार!" लघुनं दोन्ही हातांनी पेटीला मिठी मारली.

शंका पुढं झाली. "काका, कापू नका. ही तक्रारपेटी आहे."

"दिसतंय मला. शिपायानं कापायला सांगितली, मी कापणार. पंचायतीच्या भानगडीत मला पाडू नका."

शंकानं आजूबाजूला पाहिलं. बाहेर, दुकानासमोर, विजेचा एक खांब रस्त्याकडं धोकादायक कलला होता. त्याला दोरी बांधून ती दुकानाच्या खिडकीला आवळली होती. तिच्या डोक्यात काहीतरी चमकलं.

"काका, या खांबाबद्दल तुम्ही पंचायतीला कळवलं नाही?"

"कळवलं नाही?" वेल्डर उसळला. "दोनदा अर्ज दिला! एक पावसाळ्याआधी, एक नंतर. कुणी फिरकलं नाही. उत्तरसुद्धा नाही."

"तुम्ही अर्ज कुठं टाकले होते?"

"कुठं म्हणजे? पेटी..." तो थांबला. त्यानं काळा चष्मा कपाळावर सरकवला आणि लघुच्या खाली असलेल्या पेटीकडं पाहिलं. "यात आहेत?"

"यातच आहेत. आमच्या आत्याचे तीन अर्ज पण. शिपाईकाका ते सगळे जाळणार आहेत."

वेल्डरनं भिंतीवरचं बटण बंद केलं. किंचाळणारं चक्र हळूहळू थांबलं. मग तो एकदम घाईला लागला. "मागच्या दारानं निघा! पेटी सायकलला मी बांधतो. तो आला तर बघतो मी."

पेटी बांधून होते न होते, तोच पुढून शिपाईकाकांचा आवाज आला. "झालं का?"

"कसलं होतंय! लाइटच नाही अजून," वेल्डर दारात आडवा उभा राहून म्हणाला. त्याच्या मागं पंखा गरगरत होता आणि रेडिओवर बाई गात होती.

शिपाईकाका पंख्याकडं बघतच राहिले. मग त्यांना मागच्या रस्त्यानं जाणारी सायकल दिसली.

"अरे पोरांनो! थांबा! पेटी! पेटी!"

फूटपट्टी पेडल मारत होता, शंका आणि लघु मागून ढकलत होते. शिपाईकाकांनीही सायकल घेतली. हमरस्त्यानं गेलं तर ते गाठणार, हे उघड होतं. "बोळात वळव!" शंका ओरडली. बोळ इतका अरुंद होता, की सायकलचं हँडल दोन्ही भिंतींना घासत होतं. मधोमध पोचल्यावर कड् असा आवाज झाला आणि साखळी निसटली.

"उतरव पेटी!"

तिघांनी ती हातांत घेतली. पत्र्याची कड शंकाच्या तळहातात रुतली. फूटपट्टीच्या आडव्या पडलेल्या सायकलनं बोळ बंद केला होता आणि मागून शिपाईकाकांचा आवाज येत होता. "माझी नोकरी जाईल रे पोरांनो!" शंकाला क्षणभर त्यांची दयाही आली. पण आत्याचीही नोकरीच होती. बोळातून निघून ते पोस्टासमोर आले तेव्हा तिथल्या घड्याळात चार वाजून दहा मिनिटं झाली होती. दारातल्या बाईंनी पेटी पाहिली, हातातला शिक्का टेबलावर टाकला आणि त्यांच्यामागून चालू लागल्या.

कचेरीतलं सभागृह माणसांनी भरलं होतं. पुढं टेबलाशी मॅडम, शेजारी सरपंचबाई, आणि बाजूला हात बांधून उभे भाऊसाहेब. आत्या एकटी समोर उभी होती. तिच्या आजूबाजूला कुणी बसलं नव्हतं.

"गेल्या वर्षभरातल्या तक्रारी, निरंक," मॅडम लिहिता लिहिता म्हणाल्या. "बाई, तुम्हाला शेवटचं काही सांगायचंय?"

"मी अर्ज टाकले होते, मॅडम," आत्या म्हणाली. "याहून जास्त माझ्याकडं काही नाही."

"आमच्याकडं आहे!"

पेटी धाडकन टेबलावर आदळली. पेनाचं टोपण उडून खाली पडलं. सभागृहात एकच गलका झाला.

"हा काय पोरखेळ आहे?" भाऊसाहेब गरजले. त्यांचा गोड आवाज कुठल्या कुठं गेला होता. "आधी बाहेर व्हा! शिपाई! शिपाई कुठाय?"

"बोळात अडकलेत," लघुनं माहिती दिली.

मॅडमनी हात वर केला. "थांबा. मुली, काय आहे हे?"

शंकानं एक मोठा श्वास घेतला. "मॅडम, ही तक्रारपेटी. रजिस्टर म्हणतं, दर महिन्याला ही उघडली आणि काही निघालं नाही. मग भाऊसाहेबांना म्हणावं, आत्ता एकदा उघडून दाखवा. बस, एवढंच."

मॅडमनी भाऊसाहेबांकडं हात पुढं केला. "चावी?"

भाऊसाहेबांनी एक खिसा चाचपला. मग दुसरा. मग पहिला पुन्हा. मॅडमनी वाट पाहणं सोडून पेटी स्वतःकडं ओढली आणि कुलपावरून अंगठा फिरवला.

"कचेरीला रंग कधी दिला होता?"

"मी निवडून आले तेव्हा," सरपंचबाई म्हणाल्या. "दोन वर्षं झाली."

"कुलूप आणि कडी यांच्यावरून हा रंग सलग गेलाय. कुठं साधी चीरसुद्धा नाही. दोन वर्षांत हे कुलूप उघडलेलं नाही, आणि तुम्ही चोवीस वेळा निरंक लिहिलंत?"

"मी इथं बदलून आलो, तेव्हाच चावी नव्हती, मॅडम," भाऊसाहेबांच्या कपाळावर घाम डवरला होता. "आधीच्यांनी रजिस्टरात निरंकच लिहिलं होतं. म्हटलं, आपणही... पुढं चालू ठेवलं."

तेवढ्यात गर्दीतून वाट काढत वेल्डर आला. त्याच्या हातात लोखंड कापायची हातकरवत होती. "लाइटचा भरवसा नाही, म्हणून ही आणली," तो म्हणाला. शिंपी आणि पोस्टातल्या बाई पंच म्हणून उभे राहिले. करवत करकरू लागली. आता आत अर्ज नसलेच तर? वाळवी लागली असेल तर? शंकानं आत्याचा हात घट्ट पकडला. तो थंडगार होता.

कुलूप तुटलं. झाकण उघडताच कागद उसळून टेबलावर पसरले. पिवळे पडलेले, घड्या घातलेले, वहीची पानं, पाकिटांचे तुकडे. लोक खुर्च्यांवरून उठले. "ते माझं!" "अहो, ते आमच्या घरासमोरच्या दिव्याचं!" मॅडम एकेक कागद उलगडत गेल्या. पहिला अर्ज आत्याचा सापडला, मग दुसरा, आणि थोड्या वेळानं तिसराही. प्रत्येकावर तारीख होती. त्यांनी सर्वांत जुना घेतला आणि उभं राहून मोठ्यानं वाचला.

"खालच्या आळीत गटाराखालून जाणारा पाइप गळतो आहे. आज मी रबर गुंडाळून वर तार बांधली आहे, पण ती टिकणार नाही. पाणी बंद ठेवलं तर माणसं रिकामे हंडे घेऊन उभी राहतात, सोडलं तर घाण आत जाते. पाइप लवकर बदलावा. आळीत लहान मुलं पुष्कळ आहेत."

मागच्या रांगेतून किराणावाल्या काकू उठल्या. त्या सरळ आत्याजवळ आल्या आणि तिच्या दोन्ही हातांवर कपाळ टेकवून रडू लागल्या. आत्यानं त्यांना उभं केलं. "मुली कशा आहेत?" तिनं विचारलं. "आज भात खाल्ला," काकू म्हणाल्या.

मॅडमनी आपला लिहिलेला कागद फाडला. नवीन चौकशी भाऊसाहेबांची होणार होती, आणि पाइप बदलायला उद्याची वाट बघायची नाही, हे त्यांनी तिथल्या तिथं सांगितलं. पेटीतला प्रत्येक अर्ज सरपंचबाईंनी सगळ्यांसमोर वाचायचा, हेही ठरलं.

"वाचीन," सरपंचबाई म्हणाल्या. "चूक माझीही आहे. रजिस्टरावर सही करताना मी कधी विचारलं नाही, की एवढ्या मोठ्या गावात कुणाचीच कशी तक्रार नाही. ते या मुलीनं विचारलं. आणि या उंच मुलानं मोजून बघितलं. आणि हा धाकटा..."

"चालत्या चक्राखाली पेटीवर बसला होता," वेल्डर म्हणाला. "असला धीर मी मोठ्या माणसात पाहिला नाही." लघुनं शर्टाच्या बाहीला नाक पुसलं आणि छाती पुढं काढली. सभागृहात टाळ्या सुरू झाल्या, त्या थांबेनात.

टाळ्यांत आत्याचं लक्ष नव्हतं. ती टेबलाशी जाऊन आपल्या तीन अर्जांकडं बघत होती.

"मॅडम," ती हळूच म्हणाली, "खरं सांगू? चार महिने मला वाटत होतं, माझंच काहीतरी चुकलं. मी सातवी शिकलेली. वाटायचं, अक्षर नीट लागलं नसेल, म्हणून कुणी उत्तर देत नाही. तिसरा अर्ज तर मी तीनदा लिहून काढला."

शंकाला हे माहीत नव्हतं. ती आत्याला बिलगली.

मॅडमनी तिसरा अर्ज हातात घेतला, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत नीट वाचला आणि म्हणाल्या, "बाई, तुमचं अक्षर उत्तम आहे. एक शब्दसुद्धा अडला नाही."